शत्रू दारात आणि कारभारी पटावर: शिए आनचा शांतपणा खरा की देखावा?

रानपाखरू
संकटात डोकं थंड ठेवा, जुने चिनी लोक बघा कसे होते, असले फॉरवर्ड रोज येतात आणि त्यात शिए आन हमखास असतो. म्हटलं एकदा नीट मांडूया आणि भांडूया. साल ३८३. उत्तरेतल्या छिन राज्याचा राजा फू जिएन दक्षिणेतल्या जिन राज्यावर चालून आला, जुन्या इतिहासात त्याचं सैन्य ८ लाख ७० हजार दिलंय (फुगवलेलं असणारच), जिनकडे ८० हजार. राजधानीत, म्हणजे आजच्या नानजिंगला, लोकांच्या तोंडचं पाणी पळालेलं. आणि राज्याचा कारभार बघणारा शिए आन आघाडीवर निघालेल्या पुतण्यालाच, शिए श्वानला, घेऊन गावाबाहेरच्या बंगल्यावर वेईची खेळत बसला (गो म्हणतात तोच पटाचा खेळ), तेही बंगला पणाला लावून! एरवी पुतण्याचा हात वरचढ, त्या दिवशी धास्तीने हरला. पुढे फेई नदीवर विजय झाल्याचं पत्र आलं तेव्हाही हा पटावरच. पत्र वाचलं, बाजूला ठेवलं, खेळ चालू. पाहुण्याने विचारलं तेव्हा म्हणाला, पोरांनी शत्रूला हरवलं. मग आत जाताना उंबरठ्यावर खडावेचा दात (तळाची आडवी पट्टी) मोडला तरी याला पत्ता नाही.

माझं म्हणणं असं की हा माणूस आतून शांत नव्हताच, खडाव सांगतेय ना. शांत दिसणं हे त्याने काम म्हणून केलं आणि त्याचं मोठेपण तिथेच आहे. त्याच्या मनात काय चाललंय याच्याशी शहराला काय करायचंय, लोक त्याचा चेहरा बघून पळायचं की थांबायचं ते ठरवतात.

मृदुला
साफ नामंजूर. पुतण्या आधी विचारायला आला होता, काका, योजना काय? तर उत्तर काय, वेगळे हुकूम निघालेत. बस्स, पुढे चकार शब्द नाही. ज्याला मरायला पाठवताय त्यालाच काही सांगत नाही आणि वर पटावर बसवता, तो हरला तर याची स्थितप्रज्ञता म्हणायची? पश्चिमेची सरहद्द सांभाळणारा हुआन छोंग काही वेडा नव्हता, त्याने राजधानीसाठी ३ हजार निवडक शिपाई पाठवले तेही परत धाडले. तो तर वैतागून म्हणालाच की शिए आन दरबारात शोभतो, पण युद्धातलं त्याला कळत नाही, आता आपण सगळे परक्यांच्या राज्यात जाणार. असे साहेब आपल्यापैकी बहुतेकांच्या नशिबी आलेत, तोंडातून अवाक्षर नाही आणि आपण म्हणायचं काय गंभीर माणूस आहे.

रानपाखरू
@मृदुला ते ३ हजार परत का पाठवले ते पण सांगा की. त्याने निरोप दिला होता की इथली व्यवस्था झालीय, तुमची माणसं पश्चिमेला लागतील, तिथेच ठेवा. लाखांच्या फौजेपुढे राजधानीत ३ हजार येऊन काय होणार होतं, उलट लोक म्हणाले असते बघा, सरकार घाबरलं. आणि व्यवस्था खरंच झाली होती. ३७७ च्या सुमारास याच पुतण्याला त्याने उत्तरेच्या आघाडीवर नेमलं, टीका झाली घरचा माणूस म्हणून, पण उत्तरेतून पळून आलेल्या निर्वासितांमधून पुतण्याने जी फौज उभी केली तीच फेई नदीवर लढली.

तळ्याकाठी
म्हणजे श्रेय सहा वर्षांच्या तयारीचं, मग त्या पटाचे गोडवे कशाला? आणि नशीब कुणी मोजायचं. जिनवाल्यांनी निरोप पाठवला, जरा मागे सरका, आम्ही नदी ओलांडतो मग लढू. फू जिएनने विचार केला, अर्ध्या नदीत आले की कापून काढू, आणि सैन्य मागे घेतलं. ते मागे जे सुटलं ते थांबेचना, त्यात आधी पकडलेला जिनचाच सरदार जू शू मागून ओरडला, हरलो हरलो! फू जिएनचा भाऊ फू रोंग लोकांना आवरायला धावला, घोडा पडला आणि तो मारला गेला. कामच संपलं. हे उलटं झालं असतं तर हाच किस्सा राज्य बुडत असताना सोंगट्या खेळणाऱ्या नादान माणसाचा म्हणून सांगितला असता आणि तुम्हीच फॉरवर्ड केला असता.

जुना वाचक
खडावेवर फार भार टाकू नका. पाचव्या शतकातल्या किश्शांच्या संग्रहात पत्र आहे, पट आहे, पोरांनी हरवलं हे उत्तर आहे. खडाव नाही. ती सापडते जिन घराण्याच्या सरकारी इतिहासात, आणि तो ६४८ साली, पुढे आलेल्या तांग घराण्याच्या दरबारात पुरा झाला, लढाईनंतर अडीचशेहून जास्त वर्षांनी. कुणाला तरी वाटलं असणार की एवढा थंड माणूस पटत नाही, घाला थोडं माणूसपण.

भालचंद्र_ठाणे
हे सगळं गीतेत आधीच आहे. सुखदुःखे समे कृत्वा.

तळ्याकाठी
@भालचंद्र_ठाणे काका, प्रत्येक धाग्यावर?

अमेय
मला शिए आनपेक्षा वांग यांगमिंग पटतो, मिंग काळातला विचारवंत आणि सेनापती. १५१९ मध्ये राजघराण्यातल्याच एकाने बंड केलं, ते यानेच मोडलं. लढाई चालू असताना विद्यार्थ्यांशी चर्चा चाललेली, आपली फळी मागे हटतेय अशी खबर आली, उठून बाहेर गेला, मागे हटणाऱ्यांसाठी कडक हुकूम दिला आणि परत येऊन बोलणं पुढे चालू. इथे हुकूम आहे, नुसता चेहरा नाही. शिवाय तो स्वतः शिकवायचा की एकांतात बसून मिळवलेली शांती प्रसंग आला की ढासळते, मन घासायचं तर कामातच घासावं लागतं. रिट्रीटला जाऊन आलेल्यांनी वाचावं.

मृदुला
@अमेय हा चालेल. पण मग छिंग घराण्याचा सेनापती त्सेंग क्वोफान, त्याचं काय, १८५४ मध्ये त्या घराण्याविरुद्ध उठलेल्या ताइपिंग बंडखोरांकडून हरल्यावर त्याने सरळ नदीत उडी मारली, हाताखालच्यांनी बाहेर काढला. धीर सुटला, सगळ्यांसमोर सुटला. आणि दहा वर्षांनी त्याच्याच फौजेने बंडखोरांची राजधानी नानजिंग घेतली. मग ही चेहऱ्याची एवढी सक्ती कशाला? एकदा समुद्रावर नावेत वादळ आलं, बरोबरचे सगळे उठून ओरडायला लागले तेव्हा तुमचा शिए आनसुद्धा शेवटी शांतपणे म्हणाला ना, असं असेल तर परत फिरूया का? तिथे निदान बोलला. पुतण्याला तेवढंही नाही.

रानपाखरू
अहो बोलला की! तो दिवसभर भटकून रात्री परत आला आणि सेनापतींना ज्याची त्याची कामं वाटून दिली, हे त्याच सरकारी इतिहासात आहे, खेळाच्या प्रसंगाच्या लगेच पुढे. किस्सा सांगणारे ते वाक्य गाळतात कारण त्यात मजा नाही.

मृदुला
मग तर आणखीच राग येतो. सांगायचं होतंच तर सकाळी सांग. दिवसभर पोराचा जीव टांगणीला लावून बंगला जिंकला, वरून तो तिथल्या तिथे भाच्याला देऊनही टाकला.