फोनच्या इंटर्नल मेमरीतून उडालेले फोटो परत मिळवायचे आहेत, मदत हवी

नमस्कार मंडळी,

बाबांचा फोन अँड्रॉइड १२ चा, १२८ जीबी, मेमरी कार्ड नाही. वाईचा आमचा वाडा उतरवण्याआधी त्यांनी खोलीवार फोटो काढून ठेवले होते. माजघर, तुळयांवरचं कोरीवकाम, परसातली विहीर, सगळं. रविवारी भाचा आला, त्याच्या गेमला जागा पुरेना, तर पठ्ठ्याने आख्खा फोल्डर उडवला आणि वर ट्रॅशही रिकामा केला. (सहावीतल्या पोराला ट्रॅशही जागा खातो हे ठाऊक, आम्हा मोठ्यांपैकी एकालाही नाही!) गूगल फोटोजचा बॅकअप बंद होता, कारण फुकटचे १५ जीबी कधीच भरलेत आणि बाबा त्यासाठी पैसे मोजायला तयार नाहीत.

एक रिकव्हरी ॲप टाकून पाहिलं. फोटो ढीगभर दाखवतं, पण सगळे टिकलीएवढे. मोठे केले की नुसते चौकोन. त्यात वाडा ओळखू येतो म्हणून आशा सुटत नाही. कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरला तर फोन ड्राइव्ह म्हणून दिसतच नाही. दुकानदार म्हणतो, "चार हजार द्या, रूट करून काढून देतो." देऊ का?

जुना_खेळाडू: ताई, अजिबात देऊ नका. रूट करायचं, म्हणजे फोनच्या सिस्टीमचा पूर्ण ताबा मिळवायचा, तर आधी बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो, आणि ते करताना फोन स्वतःच सगळा डेटा पुसतो. म्हणजे आहे तेही जाईल. ॲपला दिसतात ती गॅलरीने पटकन दाखवण्यासाठी बनवलेली छोटी चित्रं, मूळ फोटो नव्हेत. पैसे भरून प्रो घेतलंत तरी ती मोठी होणार नाहीत.

मेमरी कार्ड असतं तर काढून रीडरमध्ये घालून फोटोरेक (पुसलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर) चालवा म्हटलं असतं. इंटर्नल मेमरीचं तसं नाही. केबल लावली की फोन एमटीपीने (कॉम्प्युटरशी फायलींची देवाणघेवाण करायची पद्धत) फक्त शिल्लक फायलींची यादी देतो, आतली मेमरी उघडी करत नाही. शिवाय अँड्रॉइड १० किंवा पुढची आवृत्ती घेऊनच बाजारात आलेल्या फोनमध्ये फायली एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात असतात. फाइल उलगडायला लागणाऱ्या किल्लीचा एक तुकडा तिच्याच नोंदीत असतो. नोंद पुसली की उरलेला कचरा कुणालाच वाचता येत नाही. मेमरीतले रिकामे झालेले ब्लॉक (कप्पे) फोन पुढे स्वतःच साफही करतो.

रस्सा_वाटी: ट्रॅश खरंच रिकामा झालाय का ते बघा. फाइल मॅनेजरमध्ये 'हिडन फाइल्स दाखवा' चालू करून डीसीआयएम या कॅमेऱ्याच्या फोटोंच्या फोल्डरात जा. अँड्रॉइड ११ पासून ट्रॅशमधला फोटो बऱ्याचदा त्याच फोल्डरात राहतो, फक्त नावाआधी .trashed आणि एक लांबलचक आकडा लागतो. गॅलरीचा ट्रॅश आणि गूगल फोटोजचा ट्रॅश वेगवेगळेही असू शकतात, दोन्ही उघडा. बॅकअप न घेतलेले फोटो गूगल ३० दिवस ठेवतं.

कऱ्हाडकर: बाबांनी ते व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवले होते का? पाठवलेल्या फोटोंची प्रत 'सेंट' नावाच्या फोल्डरात पडते, आणि तो गॅलरीत दिसत नाही. अँड्रॉइड, मीडिया, मग व्हॉट्सॲपचा फोल्डर, त्यात व्हॉट्सॲप इमेजेस. भाच्याच्या तावडीतून तो सुटला असणार.

धागाकर्ती: कऱ्हाडकर, तुमच्या तोंडात साखर पडो! .trashed काहीच नव्हतं, पण 'सेंट'मध्ये बरेच सापडले. माजघर आणि विहीर आली. तुळयांचे जवळून घेतलेले फोटो बाबांनी कुणालाच पाठवले नव्हते, ते गेले म्हणायचे. दुकानदाराला नाही म्हणून कळवलं. सापडलेले फोटो मात्र अंधूक आहेत. बाबांनी ते काकांना पाठवले होते, त्यांच्या फोनवर यापेक्षा स्पष्ट असतील का?

कऱ्हाडकर: साधे फोटो म्हणून गेले असतील तर तिकडेही व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेलेच असणार. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले असतील तरच मूळ आकाराचे मिळतील. काकांना सांगा, परत पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर आणखी एकदा दाबले जातील.