ऑनलाइन लेखी चर्चेत विद्यार्थी गुणांपुरतेच लिहितात, काय करावे?

प्रश्न (संख्याशास्त्राची अध्यापिका)

पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गासाठी या सत्रात मी मूडल या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीवर दर आठवड्याला लेखी चर्चा ठेवली आहे. प्रत्येकाने दीडशे शब्दांची एक नोंद लिहायची आणि सहाध्यायांच्या दोन नोंदींना प्रतिसाद द्यायचा, असा नियम असून त्याला दहा गुण आहेत. वर्गात ६२ विद्यार्थी असल्यामुळे आठवड्याला १८६ नोंदी जमतात. परंतु बहुतेक नोंदी मुदतीच्या शेवटच्या रात्री येतात आणि निम्म्याहून अधिक प्रतिसादांत ‘तुझा मुद्दा पटला, छान मांडला आहेस’ यापलीकडे काही नसते. मागील आठवड्याचा प्रश्न ‘मध्य आणि मध्यक यांतील फरक स्पष्ट करा’ असा होता (मध्य म्हणजे सरासरी, मध्यक म्हणजे आकडे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी किंमत). गुण वाढवावेत, की मी स्वतः प्रत्येक नोंदीला उत्तर द्यावे?

उत्तर १

मॅडम, गुणांना हात लावण्यापूर्वी प्रश्न बदलून पाहावा. आपण दिलेल्या प्रश्नाचे उत्तर एकच आहे आणि ते पाठ्यपुस्तकात आहे, त्यामुळे तिसऱ्या नोंदीनंतर प्रामाणिक विद्यार्थ्यालाही नवे काही लिहिता येत नाही. त्याऐवजी असे विचारता येईल: एका कारखान्यात नऊ जणांना प्रत्येकी २० हजार आणि दहाव्याला ५ लाख वेतन मिळते, मालक म्हणतो की सरासरी वेतन ६८ हजार आहे, कामगारांचा प्रतिनिधी म्हणतो की मधोमधचे वेतन २० हजार आहे. दोघांचेही गणित बरोबर असताना वेतनवाढीच्या बोलणीत कोणता आकडा धरावा, आणि ते ठरवण्यासाठी आणखी कोणती माहिती मागाल? येथे मतभेद होणारच, आणि मध्य व मध्यक समजल्याशिवाय बाजू मांडता येणार नाही.

दुसरे असे की १८६ नोंदी कोणीच वाचत नाही, बहुधा आपणही नाही. आठ-आठ जणांचे गट करावेत. मुदतीही दोन असाव्यात, स्वतःच्या नोंदीसाठी बुधवार आणि प्रतिसादांसाठी रविवार. एकच मुदत ठेवली की प्रतिसाद देण्याजोगे काही मांडले जाते तेव्हा वेळ संपलेली असते.

उत्तर २

प्रत्येक नोंदीला आपण उत्तर देण्याच्या मी विरोधात आहे. ऑस्ट्रेलियातील स्विनबर्न विद्यापीठाच्या ऑनलाइन खगोलशास्त्र अभ्यासक्रमांवरील एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षक जितके अधिक लिहीत, तितके विद्यार्थी कमी लिहीत आणि चर्चेचे धागेही (एका नोंदीखालील प्रतिसादांच्या साखळ्या) आखूड होत, असे त्यात आढळले. मात्र अधिक लिहिणारे शिक्षक विद्यार्थ्यांना अधिक उत्साही आणि जाणकार वाटत. यावरून शिक्षकाने गप्पच राहावे असा अर्थ मी काढणार नाही. जाणकाराचे उत्तर आले की बाकीचे लेखणी खाली ठेवतात, हा अनुभव वर्गातही येतोच. म्हणून आठवड्यात दोनदाच लिहावे आणि तेही शक्यतो प्रश्नाच्या रूपात: ‘तुम्ही दोघे परस्परविरुद्ध सांगत आहात, कोणाचे गृहीतक वेगळे आहे?’

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या शिक्षण-संशोधकांनी २००० साली मांडलेल्या चौकटीत अशा चर्चेच्या चार पायऱ्या आहेत: कुतूहल जागवणारा प्रश्न, शोध, मतांची सांगड आणि निष्कर्ष. ऑनलाइन चर्चा अनेकदा दुसऱ्या पायरीवरच अडते. प्रत्येक जण आपले मत ठेवतो आणि निघून जातो. आपला हस्तक्षेप तिथून पुढे नेण्यासाठी राखून ठेवावा.

उत्तर ३ (पदव्युत्तर विद्यार्थी)

दुसऱ्या बाजूने सांगतो. मूडलमध्ये प्रश्नोत्तर प्रकारचा मंच असतो. त्यात स्वतःची नोंद टाकल्याशिवाय इतरांच्या नोंदी दिसत नाहीत. त्यामुळे नक्कल थांबते हे खरे, पण ज्याला विषयच कळलेला नाही त्याला सुरुवात करण्यासाठी आधार उरत नाही. वेतनासारख्या मतभेदाच्या प्रश्नाला तो प्रकार चालेल, अवघड सिद्धतेला नको.

आणि एक विनंती: पुढचा तास चर्चेतील एखाद्या नोंदीपासून सुरू करावा. आमच्या एका सरांनी माझी चुकलेली मांडणी, नाव न घेता, फळ्यावर लिहून तीवर वीस मिनिटे चर्चा घेतली होती. त्यानंतर मी शेवटच्या रात्रीची वाट पाहणे सोडले, कारण लिहिलेले कोणी तरी वाचते हे कळले होते.

प्रश्नकर्त्या अध्यापिका

सर्वांचे आभार. येत्या आठवड्यात आठ गट करून वेतनाचा प्रश्न देते; सहा गटांत आठ आणि दोन गटांत सात विद्यार्थी येतील. एक शंका उरते: प्रत्येक गटात एखादा विद्यार्थी इतके नेमके आणि लांबलचक लिहितो की बाकीचे दबून जातात. त्याला कसे आवरावे?

उत्तर १

आवरू नये, काम बदलावे. त्या आठवड्यात त्याने स्वतःचे मत न लिहिता रविवारी गटाचे मुद्दे, मतभेदांसह, दोनशे शब्दांत संकलित करावेत आणि त्यालाच त्याचे गुण मिळावेत. पुढच्या आठवड्यात ते काम दुसऱ्याकडे जाईल. संकलन करणाऱ्याला सर्वांच्या नोंदी वाचाव्याच लागतात, आणि ‘मुद्दा पटला’ एवढेच लिहिणाऱ्याच्या नावापुढे काय लिहावे हा प्रश्न त्याला पडतो.