मोरी बुजल्याने तिवरं वाळताहेत, नवी रोपं लावावीत का?

प्रश्न: नवी मुंबईत ऐरोलीच्या बाजूला खाडीकाठी रस्त्याच्या भरावाखालची मोरी राडारोड्याने बुजली आहे. आतली तिवराची झाडं वाळताहेत. पावसाळ्यात रोपं लावली तर जगतील?

उत्तर १: आधी मोरी, मग रोपं. भरती थांबली की उन्हाळ्यात माती सुकून मीठ वर येतं; पावसात पाणी तुंबून तिवराची चिखलातून वर येणारी श्वासमुळं बुडून गुदमरतात. मोरीचा तळ जुन्या नाळीच्या (भरती-ओहोटीचं पाणी ये-जा करणाऱ्या ओहोळाच्या) तळाशी जुळवा. उंच राहिला तर भरती आत शिरते, पण ओहोटीला निचरा होत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आत आणि बाहेर खुणेच्या काठ्या रोवून पातळी ताडून पाहा.

उत्तर २: पाणी खेळू लागलं की शेजारच्या झाडांचं बी पावसाळ्यात वाहत येऊन आपणहून रुजतं. एक-दोन पावसाळे धीर धरा, मगच लागवड. ओहोटीला उघडा पडणारा चिखल मात्र मोकळा वाटला तरी सोडा, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) तिथेच चरतात.

उत्तर ३: जेसीबी परस्पर उतरवू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाप्रमाणे कांदळवनाभोवतीच्या (तिवरांच्या जंगलाभोवतीच्या) ५० मीटर पट्ट्यातही बांधकाम आणि भराव चालत नाही. बुजलेल्या मोरीचे फोटो आणि नकाशा जोडून वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी अर्ज द्या.