मदत हवी आहे : संरचना अभियांत्रिकी निवडावी की भूतंत्र अभियांत्रिकी?

नमस्कार. मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकत असून पदव्युत्तर शिक्षणासाठी संरचना अभियांत्रिकी (इमारती, पूल यांच्या सांगाड्याचे शास्त्र) घ्यावी की भूतंत्र अभियांत्रिकी (माती, खडक व पाया यांचे शास्त्र), याविषयी या क्षेत्रातील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

वर्गातील बहुतेकांचा ओढा संरचनेकडे आहे आणि तो समजण्यासारखाही आहे, कारण पोलाद व काँक्रीट यांचे गुणधर्म आपण ठरवून घेऊ शकतो. माती मात्र जशी मिळेल तशी स्वीकारावी लागते. नेमके हेच मला आकर्षक वाटते. इटलीतील पिसाचा झुकता मनोरा वाचवताना उंच बाजूच्या पायाखालची माती थोडीथोडी काढून त्याचा कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी केला आणि 2001 मध्ये तो पुन्हा खुला झाला, हे वाचल्यापासून तर अधिकच.

भूतंत्र घेतल्यास बोगदे, धरणे आणि खोल पाया यांच्या सल्लागार कामात सुरुवातीला प्रत्यक्ष काय करावे लागते? छिद्रण-नोंदी (जमिनीत छिद्रे पाडून घेतलेल्या मातीच्या थरांच्या नोंदी) आणि प्रयोगशाळेतील चाचण्या यांतच पहिली काही वर्षे जातात, की संकल्पनाचे (डिझाइनचे) कामही मिळते? पुढे संरचनेकडे वळायचे ठरल्यास ते कितपत शक्य असते? पगारापेक्षा कामाच्या स्वरूपाविषयी कोणी स्वानुभवाने सांगितल्यास आभारी राहीन.