मदत हवी आहे: बिस्मथ फेराइटच्या पेलेटमधला ६३० मायक्रोव्होल्टचा सिग्नल स्फटिकाचाच आहे हे कसं ठरवू?

गेरू

नमस्कार. एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. प्रोजेक्ट बिस्मथ फेराइटवर आहे, रिपोर्ट द्यायला तीन आठवडे उरलेत आणि एका आकड्यापाशी मी अडकले आहे. मॅग्नेटोइलेक्ट्रिक मापन (चुंबकीय फील्ड दिल्यावर पदार्थात व्होल्टेज येतं का ते बघणं) स्वतःच्या हातांनी केलेलं कुणी इथे असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

काय केलं ते सांगते. बिस्मथ नायट्रेट पातळ नायट्रिक आम्लात विरघळवलं, त्यात आयर्न नायट्रेट आणि टार्टरिक आम्ल घातलं आणि हॉटप्लेटवर ढवळत आटवलं. शेवटी जेल फुगून बीकरच्या काठापर्यंत आलं. ५५० अंश सेल्सिअसला तापवल्यावर गेरूच्या रंगाची पावडर मिळाली, माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलं आहे. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरण विवर्तनात, सगळ्या मुख्य पीक्स जागेवर आहेत, फक्त २८ अंशांच्या आसपास एक बारीकशी जास्तीची पीक दिसते. मग ८ मिलिमीटर व्यासाची आणि १ मिलिमीटर जाडीची पेलेट (चकती) दाबून सिंटर केली, म्हणजे भट्टीत भाजून घट्ट केली, दोन्ही बाजूंना सिल्व्हर पेस्ट लावली.

आता मापन. पेलेट इलेक्ट्रोमॅग्नेटच्या दोन पोलांमध्ये ठेवली आणि कॉइलमधून १ किलोहर्ट्झचं १० ओर्स्टेड एसी फील्ड दिलं. लॉक-इनवर (ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल मोजणाऱ्या यंत्रावर) ६३० मायक्रोव्होल्ट आले. जाडी आणि फील्डने भागल्यावर ०.६३ मिलिव्होल्ट प्रति सेंटिमीटर प्रति ओर्स्टेड. सर म्हणाले, छापील पेपरांमध्येही याच सुमाराचे आकडे दिसतात, लिहून टाक. पण मला खटकतंय ते असं की डीसी फील्ड शून्यापासून ०.५ टेस्लापर्यंत नेलं तरी हा आकडा जवळपास जागचा हलत नाही. स्फटिकातल्या चुंबकत्वाशी त्याचा संबंध असेल तर इतकं फील्ड बदलल्यावर काहीच कसं होत नाही?

पी-ई लूप (विद्युत फील्डसोबत ध्रुवीकरणाचा आलेख) अंड्यासारखा गोल येतो, टोकं नाहीतच. एम-एच लूप (चुंबकीय फील्डसोबत चुंबकत्वाचा आलेख) जवळपास सरळ रेघ आहे, मधोमध किंचित उघडा.

जे खरं नाही ते मला रिपोर्टमध्ये लिहायचं नाही. शंका सरांसमोर मांडायची तर हातात काही ठोस हवं.

चुंबकसूची

पेलेटपासून लॉक-इनपर्यंत तारा कशा नेल्या आहेत? दोन सुट्या तारा असतील तर त्यांच्यात आणि पेलेटमध्ये मिळून एक वळसा तयार होतो. १० ओर्स्टेड म्हणजे १ मिलिटेस्ला. वळशाचं क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर धर. १ किलोहर्ट्झला कोनीय वारंवारता ६२८३. गुणाकार कर: ६२८३ गुणिले ०.००१ गुणिले ०.०००१. उत्तर ६२८ मायक्रोव्होल्ट येतं.

हा निव्वळ फॅराडेचा नियम आहे, पेलेटच्या जागी काहीही असलं तरी इतकं व्होल्टेज येणारच. तीन गोष्टी कर. वारंवारता ५०० हर्ट्झ आणि २ किलोहर्ट्झ करून बघ. फेज बघ, फील्डशी ९० अंशांवर आहे का? आणि पेलेट काढून त्याच मापाच्या काचेच्या तुकड्याला सिल्व्हर पेस्ट लावून त्याच तारांना जोड.

गेरू

सर, आज वारंवारतेचं केलं. ५०० हर्ट्झला ३१५, २ किलोहर्ट्झला १२६०. अगदी सरळ पटीत. फेज ८८ अंश. तारा सुट्याच आहेत आणि त्यांच्यात बोटभर अंतर आहे. काचेचं उद्या करते.

खडीसाखर

काचेचं उत्तर काय येणार याचा अंदाज आहेच, पण बिस्मथ फेराइटकडून मुळात किती अपेक्षा करावी हेही समजून घे, म्हणजे सरांशी बोलताना पाया पक्का राहील.

एकाच स्फटिकात चुंबकत्व आणि विद्युत ध्रुवीकरण दोन्ही आहेत एवढ्यावरून ते एकमेकांशी बोलतात असं ठरत नाही. बेरियम टायटनेटमध्ये टायटॅनियमचा आयन मध्यापासून सरकतो आणि त्यातून ध्रुवीकरण येतं, त्याचं डी कवच रिकामं असतं म्हणून. चुंबकत्वाला नेमके डी कवचातले इलेक्ट्रॉन लागतात. एकाच आयनाला दोन्ही जमणं कठीण, आणि म्हणून असे पदार्थ इतके कमी. बिस्मथ फेराइट यातून वाट काढतो ती कामं वाटून घेऊन: सरकायचं काम बिस्मथचं, त्याच्या ६एस इलेक्ट्रॉनांच्या जोडीमुळे, आणि चुंबकत्व लोहाचं. म्हणूनच दोन्ही गुण खोलीच्या तापमानाच्या खूप वर टिकतात, ध्रुवीकरण सुमारे ११०० केल्विनपर्यंत आणि प्रतिलोहचुंबकीय मांडणी सुमारे ६४० केल्विनपर्यंत. पण काम वाटून घेतलं की दुवाही सैल होतो.

आता तुझ्या डीसी फील्डचं. लोहाचे स्पिन (अणूंचे चिमुकले चुंबक) शेजाऱ्याशी उलटसुलट तर असतातच, शिवाय ही अख्खी मांडणी हळूहळू फिरत जाते आणि सुमारे ६२ नॅनोमीटरवर एक फेरी पूर्ण करते. १९८२ मध्ये न्यूट्रॉन विवर्तनातून हे कळलं. या फेरीत एका जागी जो मॅग्नेटोइलेक्ट्रिक परिणाम अधिक असतो तो अर्ध्या फेरीवर उणे होतो, आणि सरळ प्रमाणातला सगळा भाग बेरजेत शून्य होतो. ही फेरी मोडायला २० टेस्लाच्या आसपास फील्ड लागतं. तुझ्याकडे आहे ०.५.

दुवा खरोखर कुठे आहे हे बघायचं तर क्रोमियम ऑक्साइड घे. सममितीवरून स्फटिकात असा परिणाम असू शकेल हे पिएर क्युरींनी १८९४ मध्येच म्हटलं होतं. चित्रफीत उलटी चालवली की फिरता विद्युतप्रवाह उलट फिरतो, म्हणजे चुंबक उलटतो, पण सरकलेला प्रभार जिथे आहे तिथेच राहतो. प्रत्येक अणू मध्यबिंदूच्या पलीकडे नेऊन ठेवला तर नेमकं उलट होतं: ध्रुवीकरण उलटतं, चुंबक तसाच. या दोन्ही सममिती जिथे एकेकट्या मोडलेल्या असतात तिथेच ध्रुवीकरण फील्डच्या सरळ प्रमाणात येऊ शकतं. क्रोमियम ऑक्साइडमध्ये दोन्ही मोडतात, दोन्ही एकत्र केल्या तर मात्र टिकतात. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ डझालोशिन्स्कींनी १९५९ मध्ये हे भाकीत कागदावर मांडलं आणि अॅस्ट्रॉव्हनी १९६० मध्ये मोजून दाखवलं. केवळ सममिती बघून एक नवीन गुणधर्म आधी सांगायचा आणि वर्षभरात तो सापडायचा, हे मला अजूनही थक्क करतं.

धातुकाम

एम-एचमधल्या बारीक लूपबद्दल थोडं. मॅघेमाइटची (चुंबकीय लोह-ऑक्साइडची) संपृक्तता, म्हणजे कमाल चुंबकत्व, ग्रॅमला साधारण ७५ ईएमयू असते. तुझ्या पावडरमध्ये ते हजारात एक भाग जरी असलं तरी ग्रॅमला ०.०७५ ईएमयूचा लूप दिसेल, आणि एक्सआरडीला इतकी कमी मात्रा दिसतच नाही. पावडर उचलायला स्टीलचा स्पॅच्युला वापरतेस का? पेलेटची डाय स्टीलची असेल तर सिंटर केल्यावर कडा आणि दोन्ही तोंडं पॉलिश पेपरवर घासून घे. डायला न लागलेली पावडर प्लास्टिकच्या चमच्याने भरून एम-एच पुन्हा करून बघ.

पी-ई लूप अंड्यासारखा येतो तो लीकेजमुळे, म्हणजे पेलेटमधून प्रवाह गळल्यामुळे. बिस्मथ भट्टीत उडतं, ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात आणि पेलेट रोधासारखी वागते. त्या लूपवरून ध्रुवीकरणाचा आकडा काढू नकोस. १९७० मध्ये चांगल्या स्फटिकांवरही लीकेजमुळे जेमतेम ६ मायक्रोकुलॉम प्रति चौरस सेंटिमीटर मोजता आले होते, ते सुद्धा द्रव नायट्रोजनच्या तापमानाला. खरा आकडा १०० च्या जवळ आहे हे शुद्ध स्फटिक आणि फिल्म आल्यावर कळलं.

गेरू

काचेवर ६१० मायक्रोव्होल्ट आले.

आकडा स्क्रीनवर स्थिर झाला तेव्हा थोडं वाईट वाटलं, चार महिने याच आकड्याची वाट पाहिली होती. मग तारा एकमेकींना घट्ट पिळल्या आणि पेलेट परत लावली. ४ मायक्रोव्होल्ट. काचेवरही ४. म्हणजे पेलेटचा स्वतःचा सिग्नल माझ्या यंत्राच्या आवाक्याखाली आहे. सरांना वही दाखवली. त्यांनी स्वतः एकदा काच लावून पाहिली आणि म्हणाले की रिपोर्टमध्ये हेच लिहायचं. शंका आधीच मोकळेपणाने बोलायला हवी होती.

डाय आणि स्पॅच्युला दोन्ही स्टीलचेच आहेत. प्लास्टिकच्या चमच्याने भरलेल्या पावडरचा एम-एच लूप निम्म्याहून कमी उघडतो. धातुकाम सर, मनापासून आभार.

क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पावडर डिपार्टमेंटच्या कपाटात आहे. ती माझ्या यंत्रावर दिसेल का?

चुंबकसूची

दिसायला हवी. सर्वांत चांगल्या स्थितीत गुणांक सुमारे ४ पिकोसेकंद प्रति मीटर आहे. १० ओर्स्टेड म्हणजे ८०० अँपिअर प्रति मीटर. तुझ्या अर्ध्या चौरस सेंटिमीटरच्या इलेक्ट्रोडवर १ किलोहर्ट्झला प्रवाह येतो १ नॅनोअँपिअरच्या आसपास. हा एकस्फटिकाचा हिशोब आहे, पावडरच्या पेलेटमध्ये त्याचा काही अंशच मिळेल. व्होल्टेज मोजू नकोस, प्रवाह मोज. पेलेटची धारिता ५ पिकोफॅरड आणि केबलची मीटरला १०० च्या घरात, व्होल्टेज सगळं केबलच पिऊन टाकेल.

आणि सर्वांत महत्त्वाचं: स्फटिकात अधिक आणि उणे असे दोन्ही डोमेन (उलट मांडणीचे भाग) असतात, ते एकमेकांना खोडतात. पेलेट ५० अंशांपर्यंत गरम कर, विद्युत फील्ड आणि चुंबकीय फील्ड दोन्ही एकाच वेळी लावून हळूहळू २० अंशांपर्यंत थंड कर. १ मिलिमीटरला १ किलोव्होल्ट आणि ०.५ टेस्ला पुरेत. मग दोन्ही काढून, इलेक्ट्रोड थोडा वेळ शॉर्ट करून मापन. नंतर विद्युत फील्डची दिशा उलटी करून सगळं पुन्हा कर. सिग्नल १८० अंशांनी फिरला तर तो स्फटिकाचा. तारांच्या वळशाला पेलेट कशी थंड केली याच्याशी काही घेणं नसतं.

एचटी म्हणजे उच्च व्होल्टेजचा सप्लाय आहे, एक हात खिशात ठेवून काम कर आणि लॅबमध्ये एकटी असू नकोस.

खडीसाखर

एक लक्षात ठेव, क्रोमियम ऑक्साइडचं नील तापमान (ज्याच्या वर स्पिनची उलटसुलट मांडणी मोडते ते) ३०७ केल्विन, म्हणजे ३४ अंश सेल्सिअस. त्यावर परिणाम नाहीसा होतो.

पुढे पीएचडीचा विचार असेल तर यूजीसी-डीएई कन्सोर्टियमच्या मुंबई केंद्रामार्फत ट्रॉम्ब्याच्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन विवर्तनासाठी विद्यापीठातले विद्यार्थी प्रस्ताव देऊ शकतात. स्पिनची मांडणी बघायची तर न्यूट्रॉन ही रुळलेली वाट आहे.

गेरू

दहा दिवसांनी लिहितेय. आमची भट्टी १२०० च्या पुढे जात नाही, त्यामुळे हिरवी पेलेट सच्छिद्र राहिली. लॅबमध्ये एसी नाही आणि आमच्याकडे एप्रिलची दुपार ४१ अंशांची असते. पहिले दोन दिवस दुपारी मापन केलं आणि काहीच मिळालं नाही. खडीसाखर यांचा ३४ चा आकडा वाचलेला होता, पण डोक्यात उजेड पडला तिसऱ्या दिवशी, भिंतीवरच्या थर्मामीटरकडे लक्ष गेलं तेव्हा.

काल वॉचमनकाकांना सांगून पहाटे साडेपाचला मी आणि मैत्रीण लॅबमध्ये गेलो. खोली २६ अंश. पेलेट गरम करून दोन्ही फील्डमध्ये थंड केली. ०.०९ नॅनोअँपिअर, फेज स्थिर. मग विद्युत फील्ड उलटं करून पुन्हा थंड केली. तितकाच प्रवाह, फेज १७७ अंशांनी फिरलेला. काचेवर शून्याच्या आसपास. आम्ही दोघींनी तो फेजचा आकडा चार वेळा वाचला.

साडेअकराला खोली ३५ वर गेली आणि प्रवाह गेला. संध्याकाळी ३० वर आल्यावर परत येईल असं वाटलं होतं, पण जेमतेम खूण दिसली. ३४ ओलांडलं की डोमेन पुन्हा विस्कटतात, म्हणजे रोज पहाटे अॅनीलिंग (गरम करून दोन्ही फील्डमध्ये थंड करणं) नव्याने करावं लागणार.

आता तापमानासोबत हा प्रवाह कसा कमी होत जातो त्याचा आलेख काढायचा आहे, २० पासून ३६ अंशांपर्यंत. लॅबमध्ये द्रव नायट्रोजन नाही. पोलांमधलं अंतर ३ सेंटिमीटर आहे. एवढ्या जागेत मावेल आणि लोखंड नसेल अशी तापमान स्थिर ठेवायची सोय कुणी केली आहे का? पेल्टिअर मॉड्यूल (विजेवर एक बाजू थंड आणि दुसरी गरम करणारं) आणि तांब्याची पट्टी असा विचार आहे, पण पेल्टिअरच्या डीसी प्रवाहाचा मापनात घोळ होईल का, ही भीती वाटते.

चुंबकसूची

पेल्टिअर पोलांच्या बाहेर ठेव आणि तांब्याची पट्टी आत ने. पट्टी अखंड रुंद ठेवू नकोस, एसी फील्डमुळे तिच्यात एडी करंट (भोवऱ्यासारखे प्रवाह) फिरतील. लांबीत चिरा पाडून अरुंद पट्ट्या कर. पेल्टिअरला पीडब्ल्यूएम (प्रवाह झपाट्याने चालू-बंद करणारा) कंट्रोलर लावू नकोस, साधा स्थिर डीसी सप्लाय दे. सध्या एवढ्यावर सुरुवात कर आणि पहिला आलेख इथे टाक.