मदत हवी आहे: वाखू (वाचनखूण, म्हणजे बुकमार्क) साठवली होती, आता ती वाखूच सापडत नाही

उसवलेली_पाठ

नमस्कार मंडळी,

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण माझे दोन दिवस त्यात गेलेत. चारेक वर्षांपूर्वी एका मराठी ब्लॉगवर, जुन्या पुस्तकाची सुटलेली पानं पुन्हा शिवून कशी बांधायची यावर एक झकास लेख वाचला होता. सुई कुठल्या भोकातून आत घालायची, कुठून बाहेर काढायची, शेवटची गाठ कशी मारायची, सगळं फोटोंसकट. लगेच वाखू साठवली. साठवताना "हे कधीतरी लागणार" असं मनात आलेलंही आठवतंय. ते कधीतरी परवा उगवलं. घरातल्या जुन्या शब्दकोशाची पाठ उसवली आणि लेख काही केल्या हाती लागेना.

संगणकावर फायरफॉक्स आहे, फोनवर क्रोम. फायरफॉक्समध्ये ३,१४० बुकमार्क निघाले. फोल्डर आहेत हो, नाही असं नाही: 'वाचायचे', 'नंतर वाचायचे', 'महत्त्वाचे', 'महत्त्वाचे २' आणि 'इतर'. 'इतर'मध्ये दोन हजारांच्या वर आहेत, यावरून काय ते समजा.

आतापर्यंत 'बांधणी', 'बाइंडिंग', 'शिवण', 'खळ', 'दुरुस्ती' असं सगळं टाकून झालं. एक तर शून्य, नाहीतर भलतंच काहीतरी. 'पुस्तक' टाकलं तर पुस्तक परीक्षणांचा ढीग अंगावर येतो. नावात 'कोऱ्या' हा शब्द होता असं पक्कं वाटतंय, पण तोही टाकून पाहिला तर शून्य. नव्याने गूगल करावं तर व्हिडिओच व्हिडिओ. मला तोच लेख हवाय, कारण जाड पुस्तकासाठी त्यात वेगळी शिवण दाखवली होती.

लेख मला जवळजवळ पाठ आहे आणि ब्राउझरला त्याचा पत्ता नाही, हे कसं काय?

कळफलक

तुम्हाला लेख आठवतो, ब्राउझरने तो कधी वाचलेलाच नाही. बुकमार्कमध्ये पानाचं शीर्षक, पत्ता आणि साठवल्याची तारीख, एवढंच जातं. मजकूर जात नाही. लेखकाने शीर्षक 'रविवारचा उद्योग' असं दिलं असेल तर तुम्ही जन्मभर 'बांधणी' शोधत बसाल. फायरफॉक्समध्ये पूर्वी वर्णनाचा एक रकाना असायचा, तो २०१८ साली ६२व्या आवृत्तीत काढून टाकला. मला तो अजून आठवतो. असो.

पत्त्याच्या पट्टीत आधी तारांकन, मग एक जागा सोडून शब्द लिहा. फायरफॉक्स फक्त बुकमार्कमध्ये शोधेल. तारांकनाऐवजी टोपीचं चिन्ह (^) दिलंत तर इतिहासात शोधतो, अधिकचं चिन्ह दिलंत तर टॅगमध्ये. संगणकावरच्या क्रोममध्ये ॲट चिन्हाला जोडून रोमनमध्ये बुकमार्क्स लिहायचं आणि टॅब दाबायची.

घोळात_घोळ

मी वाखू साठवणं सोडलं. दुवा स्वतःलाच मेल करतो, विषयाच्या जागी दोन शब्द खरडतो. लोक हसतात, पण २००१ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लोक सापडलेली पानं कशी जपतात ते पाहिलं, तेव्हा स्वतःला मेल करणारे बरेच निघाले होते. म्हणजे आमचा पंथ जुना आहे.

मायपान

लेख तेव्हा फोनवर वाचला होता का, ते आधी आठवा. क्रोममध्ये फोनवरून साठवलेलं सगळं मोबाइल बुकमार्क्स नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जातं आणि फायरफॉक्सला त्याचा गंधही नसतो. माझ्या अर्ध्या 'हरवलेल्या' पाककृती तिथे सापडल्या होत्या.

तिथे नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबून फायरफॉक्सची लायब्ररी उघडा. रकान्यांत 'ॲडेड' चालू करा आणि तारखेने लावा. शब्द आठवला नाही तरी त्या दिवसांत दुसरं काय वाचत होतात ते आठवतं, आणि शेजारचं पान दिसलं की हवं ते पान आठवतं.

उसवलेली_पाठ

ताई, फोनवरचं फोल्डर पाहिलं. २१२ निघाले, त्यात नाही. तारखेने लावून दोन वर्षांची यादी वाचत बसलो. चाळीसएक नोंदींची नावं 'मुख्यपान' किंवा नुसतंच ब्लॉगचं नाव. काही जुन्या पानांची शीर्षकं युनिकोडच्या आधीच्या फाँटमधली आहेत, तिथे अक्षरांऐवजी नुसता कचरा दिसतो. शेजारच्या नोंदी वाचून एवढंच कळलं की त्या काळात मला गांडूळखताचं वेड लागलं होतं. ते कधी लागलं आणि कधी उतरलं, देव जाणे.

कळफलक, तारांकनाची युक्ती झकास आहे, पण 'कोऱ्या'ला तिथेही शून्यच.

अर्धविराम

'कोऱ्या'वरच थांबा. गोम तिथेच असणार.

हा ऱ्या दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ऱ हे वेगळं अक्षर असतं, त्याला हलन्त, मग या. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग या. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकासाठी ते दोन निराळे शब्द. कोण कुठली तऱ्हा वापरतं ते ज्याच्या त्याच्या कळफलकावर अवलंबून असतं, आणि जुन्या ब्लॉगांवर दोन्ही सापडतात. मी तळटिपा तपासायचं काम करतो, 'दुसऱ्या'पायी एकदा अख्खी दुपार घालवलीय.

दुसरी भानगड आपल्या सामान्यरूपाची. तुम्ही 'पाणी' शोधणार आणि शीर्षकात असणार 'पाण्याचा'. 'कोरी' शोधणार आणि असणार 'कोऱ्या'. म्हणून पूर्ण शब्द टाकूच नका, सुरुवातीची न बदलणारी अक्षरं टाका.

सोपं करा. लायब्ररीतून सगळे बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये निर्यात करा, ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि त्यात नुसतं 'कोर' शोधा. फाइल बघून दचकू नका. पत्त्यात मराठी अक्षरं असतील तर एकेका अक्षराच्या जागी टक्केचिन्हांसकट नऊ-नऊ रोमन चिन्हं दिसतील. शीर्षकं मात्र धड मराठीत असतात.

घोळात_घोळ

एवढं होईपर्यंत शब्दकोश शिवून झाला असता.

उसवलेली_पाठ

सापडला!!

'कोर' टाकल्यावर अकरा निकाल आले. कोरडवाहू, कोरीव लेणी, कोरफड (पुन्हा तेच वेड), आणि आठवा: 'कोर्‍या पानांचं काय करायचं?' शीर्षकात पुस्तक नाही, बांधणी नाही, शिवण नाही. आता आठवलं, लेखाची सुरुवात जुन्या पुस्तकांत पुढे-मागे जी कोरी पानं असतात त्यांच्यापासून होती आणि शिवणीचा भाग खूप खाली होता. अर्धविराम, साष्टांग दंडवत. ते शीर्षक कॉपी करून शोधपट्टीत चिकटवलं तर लगेच सापडतं, हाताने टाईप केलं की शून्य.

आता पुढचं रडगाणं. दुवा उघडला तर पान अस्तित्वात नाही असं येतंय. ब्लॉगच गायब.

कळफलक

हे होणारच होतं. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली पाहणी केली तेव्हा २०१३ मधल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. बुकमार्क म्हणजे घराचा पत्ता, घर नव्हे. पत्ता जसाच्या तसा कॉपी करून इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका. कोणीतरी कधीतरी प्रत घेतली असेल तर मिळेल. आणि यापुढे साठवताना तिथेच 'सेव्ह पेज नाऊ' करत जा, नाहीतर पानाची पीडीएफ ठेवा.

मायपान

मी तर म्हणेन टॅग लावा. फायरफॉक्समध्ये टॅगची सोय आहे, क्रोममध्ये नाही.

घोळात_घोळ

टॅगचं नाव काढू नका. माझ्याकडे 'पुस्तक', 'पुस्तके', 'पुस्तकं' आणि 'ग्रंथ' असे चार टॅग आहेत, आणि हवा तो लेख 'संकीर्ण'मध्ये. दुवे साठवणाऱ्या बाहेरच्या सेवांचंही तेच. डिलिशस २०१७ मध्ये मिटलं, पॉकेट ८ जुलै २०२५ ला बंद झालं. दर वेळी दुवे पाठीवर बांधून नवं घर शोधायचं. त्यापेक्षा साठवतानाच बुकमार्कचं नाव बदलावं. शीर्षक लेखकाचं असतं, शोधायचं आपल्याला असतं.

उसवलेली_पाठ

हे पटलं. आजपासून तेच करतोय. त्या वाखूचं नाव आता 'जाड पुस्तक शिवणे सुई दोरा गाठ पाठ उसवली' असं आहे. व्याकरण नाही, पण मी घाईत असताना हेच शब्द टाईप करणार. टॅगची शिस्त माझ्याच्याने पाळली जाणार नाही, ताई, माफी असावी. उरलेल्या ३,१३९ ना हात लावणार नाहीये. लागेल तेव्हा लागेल ते.

वेबॅकवर प्रत मिळाली! २०२१ ची आहे. मजकूर पूर्ण आहे. फोटो पाच होते, त्यातले चार उघडतात. पाचव्याच्या जागी रिकामी चौकट आहे आणि खाली ओळ: "शेवटची गाठ चित्रात दाखवल्याप्रमाणे मारावी."

तर मंडळी, पुस्तक शिवताना शेवटची गाठ कशी मारतात, हे कोणाला माहीत आहे का? धागा वेगळा काढू की इथेच विचारू?

मायपान

इथेच विचारा. आणि उत्तर आलं की या धाग्याची वाखू साठवू नका, कागदावर लिहून शब्दकोशातच ठेवा.