खर्च वाचतो, पण सरपंच हरवतो

आजूबाजूची गावं शहराच्या महापालिकेत विलीन केली की प्रशासनाचा खर्च वाचतो, असं म्हणतात; तो मुद्दा ठीक आहे. पण सत्ता कुठे सरकते ते नाशकात बघा. 1982 साली नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि आजूबाजूची वीसेक खेडी मिळून महापालिका झाली. पहिली निवडणूक मात्र 1992 साली! म्हणजे मखमलाबाद, आडगाव, पाथर्डीची ग्रामपंचायत गेली आणि दहा वर्षं बदल्यात कुणीच नाही, फक्त प्रशासक.

पुढे नगरसेवक मिळाले, पण 2017 ला बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. गटार तुंबलं की चौघांपैकी कुणाच्या दारात जायचं? सरपंच निदान पारावर सापडायचा. शिवाय गावाची मतं कॉलन्यांच्या मतांत विरघळतात. मळेवाल्याचा प्रश्न कोण मांडणार? 2018 मध्ये शेतजमिनींवरही कर लागतोय म्हटल्यावर हीच गावं रस्त्यावर उतरली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्षवाले तेव्हा एकत्र दिसले, हेही खरं.

देवळाली कॅम्प तेवढं अजून लष्करी छावणीच्या (कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या) कारभारात वेगळं आहे. तिथल्यांनी महापालिकेत सामील होण्याआधी आडगावात एक चक्कर मारावी. चहा मी पाजतो.